एमएच २९ चे मूळ अवयव

यवतमाळ जिल्ह्यात नोंदवलेल्या गाड्यांच्या पाटीवर सहसा ‘एमएच २९’ असतं, आणि २९ ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कुणीच निःशेष भागत नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना मूळ अवयव शिकवायचे तर सुरुवात इथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं. जिल्ह्याचे तालुके १६, म्हणजे चार वेळा २ चा गुणाकार. हे सोपं झालं. आता यवतमाळचा एसटीडी कोड घ्या, आधीचा शून्य सोडून ७२३२. फळ्यावर उभी रेघ ओढून २ ने भागत चला: ३६१६, १८०८, ९०४, ४५२, २२६, ११३. सहा वेळा भाग गेला आणि गाडी ११३ वर अडली. मुलं इथेच घाबरतात. पण अंकांची बेरीज ५, म्हणून ३ ने भाग जात नाही. एककस्थानी ३, म्हणून ५ ने नाही. ७ ने भागलं तर १ उरतो. अकरा अक्रे एकशे एकवीस, हे ११३ च्या पुढे गेलं, म्हणजे थांबायचं. ११३ मूळच! हे थांबणं का चालतं, ते वर्गात सावकाश सांगायलाच हवं. आता देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा जगप्रसिद्ध स्थिरांक ६१७४ फोडून बघा: २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. गुरुजी, बाई, मुलांना बसस्टँडवरच्या गाड्यांचे नंबर टिपून आणायला सांगा आणि खडू त्यांच्याच हाती द्या.