थपडेचं श्रेय

ललिता पवारांचा विषय निघाला की पाठोपाठ ती थप्पड निघते. १९४२ साल, ‘जंग-ए-आझादी’चं चित्रीकरण, बाईंना थोबाडीत मारण्याचा प्रसंग. समोर नट भगवान. हात फार जोरात बसला, बाईंच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. औषधपाणी तीन वर्षं चाललं. यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं: नायिका संपली आणि हिंदी पडद्याला त्याची खाष्ट सासू मिळाली.

जयंतीचे लेख, पुण्यतिथीची स्फुटं, जुन्या सिनेमाच्या गप्पा, सगळीकडे ही गोष्ट याच क्रमाने सांगितली जाते. सांगणाऱ्याच्या मनात कळवळाच असतो, म्हणून तिला कोणी हरकत घेत नाही. माझी हरकत आहे. घटना घडली, ती क्लेशदायक होती, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या घटनेतून काढलेल्या निष्कर्षाबद्दल. अपघाताने अभिनेत्री घडवली असं म्हणणं म्हणजे तिने पुढे जवळजवळ अर्धशतक केलेल्या कामाचं श्रेय एका चुकलेल्या हाताला देणं आहे. आपल्या भाषेतल्या, आपल्या मातीतल्या एका थोर नटीच्या बाबतीत आपण हे वर्षानुवर्षं करत आलो आहोत.

आधी कालक्रम पाहू. तीन वर्षं बाई पडद्यावरून नाहीशा झाल्या होत्या, असं सांगणाऱ्यांनी प्रभातच्या ‘रामशास्त्री’ची श्रेयनामावली पाहावी. चित्रपट १९४४ चा. गजानन जागीरदार रामशास्त्री आणि ललिता पवार आनंदीबाई. उपचार चालू असतील, वेदनाही असतील, पण प्रभातसारख्या संस्थेने पेशवाईतली सर्वांत कठीण स्त्रीभूमिका त्यांच्या हाती दिली होती. ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई म्हणून मराठी माणूस जिला ओळखतो, तिला नुसती कपटी दाखवणं कुणालाही जमलं असतं. तिची महत्त्वाकांक्षा खरी वाटायला हवी होती. नवऱ्याला गादी मिळावी म्हणून झुरणारी, त्याच्या दुबळेपणाला विटलेली, तरी त्याच्यावाचून स्वतःचं काहीच नसलेली अशी ती बाई आहे. थपडेच्या कथेत या भूमिकेला जागाच नाही, कारण ती मधे आली की ‘संपली’ हा शब्द टिकत नाही.

त्याच्याही मागे जाऊ. येवल्यात १९१६ साली जन्मलेली अंबा, म्हणजेच पुढची ललिता पवार, मूकपटांच्या काळात लहानपणीच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीत तिचा वाटा होता. पुढे टॉलस्टॉयच्या ‘रिसरेक्शन’ कादंबरीवर बेतलेला ‘दुनिया क्या है’ तिने काढला, तेव्हा ती विशीच्या सुरुवातीला होती. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्येही ती आहे. म्हणजे १९४२ पूर्वीच तिच्या पाठीशी मूकपटाचं शिक्षण होतं. संवाद नसताना मान, खांदे, बोटं यांनी कसं बोलायचं, हे ती पोरवयात शिकली होती. पुढच्या आयुष्यात जे कामाला आलं ते हे. चेहऱ्याचा एक भाग हवा तसा हलत नसताना बाकीच्या शरीराकडून काम कसं करून घ्यायचं, हे ज्याला मुळात ठाऊक नाही त्याचं त्या अपघातानंतर खरोखरच संपलं असतं.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. तो असा: शिक्षण, कौशल्य सगळं मान्य, पण डोळा गेला नसता तर बाई नायिकाच राहिल्या असत्या, चरित्र भूमिकांकडे त्यांना अपघातानेच ढकललं. ऐकायला हे पटण्यासारखं आहे. पण त्यांच्या समकालीन नट्यांकडे पाहा. दुर्गाबाई खोटे यांना कोणी थप्पड मारली नव्हती. ‘मुगल-ए-आझम’पर्यंत येता येता त्या जोधाबाई झाल्या. लीला चिटणीस तीसच्या दशकाच्या शेवटी बॉम्बे टॉकीजची लाडकी नायिका होत्या आणि १९५१ च्या ‘आवारा’त राज कपूरची आई. निरुपा रॉय तर १९५५ च्या ‘मुनीमजी’मध्ये देव आनंदची आई झाल्या, त्या देव आनंदपेक्षा सात वर्षांनी लहान होत्या! ललिताबाईंनी १९५२ च्या ‘दाग’मध्ये दिलीपकुमारच्या आईचं काम केलं, तेव्हा त्यांचं वय ३६ आणि दिलीपकुमारचं ३० च्या आत-बाहेर. बाईचं वय तिशीपलीकडे गेलं, कधी त्याच्याही आधी, की तिच्या डोक्यावर पांढरा विग चढवायचा, हा धंद्याचा रिवाज होता. तो धडधाकट चेहऱ्यांनाही लागू होता. थपडेची कथा सांगत राहिल्याने या रिवाजाची झडती कधी घेतली जात नाही. दोष एका माणसाच्या हातावर जातो आणि शेकडो निर्माते सुटतात. भगवानदादांनाही या कथेने न्याय दिलेला नाही. ‘अलबेला’सारखा चित्रपट देणाऱ्या त्या माणसाच्या नावाला हा एक प्रसंग कायमचा चिकटवून ठेवला आहे.

दुसरा मुद्दा डोळ्याचा. तो बारीक झालेला डावा डोळाच मुळी भीती घालतो, अभिनयाची गरजच काय, असं काही जण म्हणतात. कौतुकाच्या सुरात म्हणतात, पण म्हणतात. त्यांनी ‘अनाडी’ पाहावा. १९५९ चा चित्रपट, दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. मिसेस डिसा ही ख्रिस्ती घरमालकीण आपल्या भाडेकरूवर, म्हणजे राज कपूरवर, सदा करवादते. तोंडाचा पट्टा चालू असतो, घराबाहेर काढायची भाषा असते. आणि तो उपाशी तर नाही ना, त्याच्या अंगावर धड कपडा आहे ना, या काळजीने ती पोखरलेली असते. तिचा स्वतःचा मुलगा गेलेला आहे. हे दुःख ती बोलून दाखवत नाही, ते रागात जिरवते. ओरडता ओरडता आवाज मधेच कुठे मऊ पडतो आणि पुढच्याच शब्दाला ती तो पुन्हा कसा चढवते, हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे. डोळा तोच आहे. ‘दहेज’मध्ये ज्याने धडकी भरवली तोच. इथे त्यातून माया गळते. मग भीतीचं श्रेय डोळ्याला आणि मायेचं कोणाला? या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं, आणि १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. हृषीदांनी तर ‘आनंद’मध्ये त्यांना पुन्हा डिसा हेच नाव दिलं, डॉ. कुलकर्णींच्या इस्पितळातली कडक मेट्रन. परदुःखाने आतून हलणारी, वरून शिस्तीची. ‘श्री ४२०’मधली केळेवाली गंगामाईही याच घराण्यातली. मुंबईच्या रस्त्यावर पोट भरणारी बाई भावात तसूभर हटत नाही आणि जीव लावायला लागली की हिशेब विसरते.

भाषेचाही विचार करा. गंगामाईची फूटपाथवरची हिंदी वेगळी, मिसेस डिसाची मुंबईतल्या ख्रिस्ती वस्तीतली हिंदी वेगळी, श्रीमंत घरातल्या करारी बाईची हिंदी वेगळी. येवल्याच्या या मुलीने एवढे आवाज कमावले. डोळ्यावर लिहिणाऱ्यांनी या कानावर कधी लिहिलं आहे? सातशेच्या वर चित्रपट ही नोंद सर्वत्र सापडते. त्यातल्या एखाद्या तरी भूमिकेचं नीट वाचन क्वचितच.

तिसरा आक्षेप अगदी निराळ्या बाजूने येतो आणि तो मला गंभीर वाटतो. ललिता पवारांच्या सासवांनी समाजाचं नुकसान केलं, असा तो आहे. हुंड्याचा लोभ, सुनेचा छळ हे पुरुषसत्तेचं पाप. सिनेमाने ते एका म्हाताऱ्या बाईच्या माथी मारलं आणि बाईच बाईची वैरी हा समज घरोघरी पक्का केला. पटकथांपुरतं हे मला मान्य आहे. शांताराम बापूंच्या १९५० च्या ‘दहेज’चा रोख हुंड्यावर होता, हेतू स्वच्छ होता, तरी प्रेक्षकाचा सगळा संताप अखेर सासूवरच गोळा होतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तर हा साचा इतका झिजला की बाईंना फक्त येऊन गरजायचंच काम उरलं. त्या चित्रपटांचा बचाव मी करणार नाही. त्यांतल्या बऱ्याच भूमिका एकसारख्या आहेत आणि काही निव्वळ कर्कश.

पण जिथे लेखनात थोडी जरी फट होती, तिथे या बाईने काय केलं ते पाहिलं पाहिजे. ज्या घरात बाईला शिक्षण नाही, मिळकत नाही, मालमत्तेवर नाव नाही, तिथे मुलगा आणि किल्ल्यांचा जुडगा एवढीच तिची सत्ता. सून आली की दोन्ही धोक्यात. ललिता पवारांची चांगल्या चित्रपटातली सासू दुष्टपणाने पेटलेली नसते, घाबरलेली असते. ती आधी सुनेकडे पाहतच नाही, मुलगा सुनेकडे कसा पाहतो ते पाहते. छळ मग सुरू होतो. हे पाहणं पटकथेत लिहिलेलं नसतं.

१९५५ चा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ घ्या. मला तो या वादातला कळीचा पुरावा वाटतो. गुरुदत्त दिग्दर्शक. मधुबालाची आत्या सीतादेवी स्त्रियांची चळवळ चालवते, घटस्फोटाच्या कायद्याची बाजू घेते, पुरुषांवर तिचा काडीचा विश्वास नाही. भाचीला वारसा मिळावा म्हणून ती एका बेकार व्यंगचित्रकाराशी तिचं नावापुरतं लग्न लावते, नंतर घटस्फोट घ्यायचाच या हिशेबाने. चित्रपट उघडउघड तिच्या विरोधात आहे. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी मंजूर झाला, त्याने स्त्रियांना घटस्फोटाचा मार्ग दिला, आणि आपला एक मोठा दिग्दर्शक ती मागणी करणाऱ्या बाईला संसार मोडणारी ठरवत होता. दुसऱ्या कुठल्याही नटीने सीतादेवीचं हसं करून टाकलं असतं. पटकथेला तेच हवं होतं. ललिताबाई तसं करत नाहीत. त्यांची सीतादेवी आपल्या प्रत्येक शब्दावर श्रद्धा ठेवून बोलते. ताठ मान, तोललेले शब्द, भाचीबद्दलची खरी काळजी. आज तो चित्रपट पाहताना अनेकदा वाटतं की वादात तीच बरोबर आहे, आणि असं वाटतं ते केवळ ललिताबाईंच्या कामामुळे. दिग्दर्शकाने तिला हरवलं, नटीने तिला हरू दिलं नाही.

बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त त्या याच्या उलट टोकाला उभ्या आहेत. अस्पृश्य मुलीची सावली नको म्हणणारी बुआजी. इथे त्या प्रेक्षकाकडून सहानुभूती मागत नाहीत, आणि हा त्यांचा विवेक आहे. ती बाई क्रूर हसत नाही, कट करत नाही. ती नेमधर्म पाळणारी, घरात मान असलेली, एरवी प्रेमळ म्हणून ओळखली जाईल अशी आजी आहे. जातीचं विष अशाच माणसांच्या तोंडून, पूजेच्या सुरात येतं. महाराष्ट्रातल्या किती वाड्यांत ही बाई होती! ती खलनायिका वाटली असती तर प्रेक्षक स्वतःला निर्दोष समजून घरी गेला असता.

आणि ‘प्रोफेसर’? १९६२ चा हा चित्रपट शम्मी कपूरच्या म्हाताऱ्याच्या सोंगासाठी आठवला जातो. भाच्यांना करड्या शिस्तीत वाढवणारी प्रौढ बाई त्या सोंगावर भाळते, असा विनोदी धागा त्यात आहे. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या मनात प्रेम जागं होणं हेच आपल्याकडे हसण्याचं कारण. पण ललिताबाई हा धागा विनोदी म्हणून खेळतच नाहीत. त्या लाजतात ते खरोखरीचं. जबाबदारीत करपून गेलेल्या वर्षांनंतर कोणीतरी आपल्याला माणूस म्हणून पाहतंय, याची पालवी त्यांच्या चालण्याबोलण्यात फुटत जाते. पुढे सोंग उघडं पडणार हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हसताना आपल्यालाच अपराधी वाटू लागतं. खाष्टपणाच्या शिक्क्यात ही बाई कुठे बसवायची, ते मला शिक्का मारणाऱ्यांनी सांगावं.

शेवटी मंथरा. १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये त्यांनी ती केली होती आणि सव्वीस वर्षांनी रामानंद सागर यांच्या मालिकेत, सत्तरी ओलांडल्यावर, पुन्हा केली. रविवारी सकाळी अख्खा देश तिला शिव्या घालत होता. पद्मा खन्नांच्या कैकेयीला फितवण्याचे ते प्रसंग कोणीही आज पुन्हा पाहावेत. मंथरा सुरुवातीला आज्ञा करत नाही, विनवत नाही. ती रुसते. माहेराहून बरोबर आलेल्या जुन्या दासीचा तो हक्काचा रुसवा आहे. तिला राज्य नको आहे, धन नको आहे. आपण अंगाखांद्यावर वाढवलेली मुलगी सवतीची दासी होईल, ही भीती तिला खरी वाटते आणि ती भीती ती कैकेयीच्या कानात थेंबाथेंबाने सोडते. वाकलेली पाठ आणि काठी तर रंगभूषाकारही देतो. ते थेंब मोजून सोडणं ललिताबाईंचं आहे.

१९९८ च्या फेब्रुवारीत पुण्याला, औंधच्या घरी त्या गेल्या. कर्करोगाने ग्रासलेल्या होत्या, आणि मृत्यू एकाकी होता. त्यावरही लगेच कथा रचली गेली: आयुष्यभर सुनांना छळलं, त्याची फेड. हे वाक्य गमतीने बोलणारे आजही भेटतात. पडद्यावरच्या पापांची शिक्षा नटीला देणाऱ्या या बुद्धीत आणि तिच्या कर्तबगारीचं श्रेय थपडेला देणाऱ्या बुद्धीत मला काही अंतर दिसत नाही. दोन्हींत बाई कोणाच्या तरी हातची बाहुली ठरते, कधी अपघाताच्या, कधी प्रारब्धाच्या. जिथे ‘रामशास्त्री’ उभा राहिला तो प्रभातचा स्टुडिओ आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. अभिनय शिकायला देशभरातून मुलं तिथे येतात. त्यांच्या पुढ्यात ‘रामशास्त्री’तली आनंदीबाई, ‘अनाडी’तली मिसेस डिसा आणि ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मधली सीतादेवी ओळीने ठेवाव्यात, १९४२ च्या त्या दुपारबद्दल एक अक्षरही न सांगता, आणि या तीन बायका एकाच नटीने कशा उभ्या केल्या ते त्यांना शोधू द्यावं.