रंग आमच्या अंड्याचा, भाव व्यापाऱ्याचा



कापसाचा भाव कोण ठरवतो, यावर आपण रात्र रात्र बोलतो. अंड्याचा भाव कोण ठरवतो, हे मात्र कुणी विचारत नाही. कोंबड्या बायकांच्या, अंडी बायकांची, पैसा मिठामिरचीचा. तो हिशेबात धरायचाच नाही, अशी आपली रीत. पऱ्हाटी वाळते, ज्वारी करपते, त्या साली घरात रोख पैसा कुठून येतो, हे एकदा घरच्या लक्ष्मीला विचारा.

आज त्या पैशावर दुसऱ्याचा डोळा आहे. व्यापारी दारोदार हिंडून पाच-दहा अंडी गोळा करतो आणि तीच अंडी शहरात 'गावरान' म्हणून पांढऱ्याच्या दुप्पट भावानेही विकतो. तो नेमके काय विकतो? रंग विकतो. तपकिरी, बदामी, दुधी, गुलाबी झाक असलेला रंग. आणि रंग तर आपल्या कोंबडीचा!

आधी हा रंग म्हणजे काय ते समजून घ्या. टरफल तयार व्हायला साधारण वीस तास लागतात. शेवटच्या काही तासांत त्याच्यावर तपकिरी रंग चढतो. म्हणून तपकिरी अंडे फोडले की टरफल आतून पांढरे निघते. रंग खाद्याने येत नाही, तो जातीने येतो. लेगहॉर्न कोंबडीला काहीही चारा, अंडे पांढरेच देणार. चिलीमधील मापुचे लोकांची अरौकाना कोंबडी निळे अंडे देते. अमेरिकेत तिचा तपकिरी अंड्याच्या कोंबडीशी संकर करून हिरवट अंडी काढतात. तिथले छोटे कोंबडीवाले अशी रंगीबेरंगी अंडी एकाच खोक्यात भरून चढ्या भावाने विकतात.

रंगाने अंड्यात ताकद वाढते काय? नाही. तपकिरी अंड्यातले प्रथिन पांढऱ्यापेक्षा वेगळे नसते. 'गावरान अंडे म्हणजे औषध' ही व्यापाऱ्याची थाप आहे आणि आपण ती मारू नये. खोट्यावर उभा केलेला भाव खोटे उघडे पडले की कोसळतो. चहाच्या पाण्यात पांढरी अंडी रंगवून गावरान म्हणून खपवणारे आहेतच. पिंजऱ्यातल्या संकरित कोंबडीचे तपकिरी अंडेही दुकानात आले आहे. नुसत्या रंगावर विसंबाल तर बाजी ते मारतील.

मग आपल्याजवळ आहे काय? एकाच छटेची शंभर अंडी म्हणजे कारखाना. दहा छटांची दहा अंडी म्हणजे अंगण. आपल्या कळपात गावरान आहे, कुठे ऱ्होड आयलंड रेडचे रक्त आहे, कुठे कडकनाथाचे. प्रत्येकीच्या अंड्याची छटा वेगळी. ही सरमिसळ सांगते की कोंबडी मोकळी हिंडली, पिंजऱ्यात कोंडलेली नव्हती. गिऱ्हाईक या गोष्टीचे पैसे देते. ते खरे आहे, तेवढेच सांगा, आणि त्याचे पुरते दाम घ्या.

कृषी पदवीला आम्हाला गावरान कोंबडी 'अनुत्पादक' म्हणून शिकवली गेली. का? तर ती वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते. आकडा खरा, हिशेब अर्धा. लेगहॉर्नला विकतचे खाद्य, औषध, वीज आणि पिंजरा लागतो. गावरान खळ्यावरचे सांडलेले दाणे, किडे, वाळवी खाऊन जगते, खुडूक बसते आणि एकवीस दिवसांत पिल्ले काढते. तिचे बियाणे तिच्याच पोटाखाली उबते. कपाशीचे बियाणे आपल्या हातून गेले. दरसाल पाकीट फोडल्याशिवाय पेरणी होत नाही. कोंबडीचेही तसेच होऊ द्यायचे काय?

बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराजा, ग्रामप्रिया या सुधारित कोंबड्या वाईट नाहीत. अंडी जास्त देतात, ग्रामप्रियाचे अंडे तपकिरीही असते. पण त्या बहुधा खुडूक बसत नाहीत आणि पुढच्या पिढीत गुण फुटतात. हायब्रीडचे बी राखून पेरले की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. दोन-चार जरूर ठेवा, पण त्यांच्यापायी खुडूक बसणारी गावरान विकून टाकू नका.

कोंबड्याकडेही बघा. तो अंडे देत नाही, पण त्याच्या लेकींच्या अंड्याचा अर्धा रंग त्याच्याकडून येतो. गडद अंड्यातून निघालेला नर राखा. लेगहॉर्नचा नर सोडाल तर पुढच्या पिढीचा रंग उतरेल. दर वर्ष-दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी नर बदला, म्हणजे रक्त साचणार नाही. आणि कळपाचा रंग एकाएकी फिका पडला तर रोगाची शंका घ्या.

टरफल जातीचे, पण बलक खाद्याचा. नुसत्या ज्वारीवर बलक फिका पडतो. हिरवा पाला, घोळ, लसूणघास मिळाला की पिवळाधमक होतो. सरकीची ढेप मात्र कोंबडीला घालू नका. तिच्यामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट आणि पांढरा भाग गुलाबी होतो. असले रंगीत अंडे गिऱ्हाईक तोंडावर फेकेल! पावसात काळी पडलेली ज्वारी देऊ नका, बुरशीचे विष कोंबडीला मारते. फवारणीच्या दिवसांत कळप पऱ्हाटीत सोडू नका. आणि मानमोडीची लस चुकवू नका. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, पुढे दोन महिन्यांच्या सुमारास टोचणी. मानमोडी आली की एका आठवड्यात खुराडे रिकामे होते. तेव्हा भावाच्या गोष्टी कुणाशी करणार?

आता भावाचे. अंडे नाशवंत, त्यामुळे विकणारा नेहमी अडलेला, असे म्हणतात. पण १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने पोल्ट्रीवाल्यांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढली आणि ते स्वतःच भाव जाहीर करू लागले. अंडे तेच होते, नाशवंतच होते. बदलली ती विकणाऱ्यांची एकी. तो भाव पिंजऱ्यातल्या अंड्याचा. अंगणातल्या अंड्याचा भाव कोण जाहीर करणार? ज्याची कोंबडी त्याने!

म्हणून प्रत्येक गावात एका घरी अंडी एकत्र करा. ताजी, पुसलेली, मोजून ठेवलेली. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी बायांनीच बसून भाव ठरवावा आणि त्याखाली एकीनेही अंडे देऊ नये. पैसा तिच्याच हातात पडावा. या जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावात किती कोंबड्या, किती खुडूक बसतात आणि व्यापारी काय भाव देतो, एवढे तीन आकडे कागदावर लिहून आणा. बोलायला पुरुष नकोत, कोंबड्या राखणाऱ्या बाया येऊ द्या.