जिंकलं कोण, हे पेपरात शोधून दाखवा

पोस्ट मोठी आहे. राग आलाय म्हणून लिहितेय, पण चार दिवस थांबून लिहितेय.

जिल्हास्तरीय शालेय खो-खो स्पर्धा, 17 वर्षांखालील मुली. माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कूलने अंतिम सामन्यात सातारा शहरातल्या एका मोठ्या शाळेला हरवलं. मी मैदानावर होते. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. जिल्ह्याच्या पानावर तीन कॉलमी फोटो. कोणाचा? हरलेल्या संघाचा! मथळ्यात त्या शाळेची ‘झेप’. खाली संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, संचालिका, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, पालक संघ, सगळ्यांनी अभिनंदन केल्याचं सविस्तर. उपविजेतेपद हा शब्द चौथ्या ओळीत. आणि शेवटी, जागा उरली म्हणून टाकल्यासारखं, विजेत्या शाळेचं नाव. गावाच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं. आमच्या बारा मुलींपैकी एकीचंही नाव नाही.

हरलेल्या मुलींबद्दल माझी काही तक्रार नाही. छान खेळल्या त्या. त्यांचाही फोटो यावा. पण त्यांची तरी नावं कुठे आहेत? दोघींची आहेत, पुढे ‘आदी’. संचालक मंडळात मात्र कोणी ‘आदी’ नसतं, प्रत्येकाचं आडनाव ठसठशीत.

मी आमच्या भागातल्या वार्ताहराला फोन केला. ओळखीचा मुलगा आहे, वाईट नाही. तो म्हणाला, “ताई, त्यांची प्रेसनोट फोटोसकट संध्याकाळी पाचला ग्रुपवर पडली. तुमच्या शाळेकडून कुणी काही पाठवलंच नाही. आम्ही तरी काय छापणार?”

संध्याकाळी पाचला आमच्या शाळेचे सर काय करत होते सांगते. सातारा स्टँडवर बारा मुली घेऊन दहिवडीच्या एसटीची वाट बघत होते. सर गणित शिकवतात. शाळेला वेगळे क्रीडाशिक्षक नाहीत, म्हणून खो-खो पण तेच बघतात. मैदानावरचे खांब गावच्या सुतारानं करून दिलेत. त्या मोठ्या शाळेत प्रसिद्धीसाठी वेगळा माणूस आहे. आता मला सांगा, ही स्पर्धा खो-खोची होती की प्रेसनोट लिहिण्याची?

आणि तो मुलगा जे बोलला नाही तेही बोलूया. ग्रामीण वार्ताहराला मानधन किती मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याचा वाढदिवस, दिवाळी, वर्धापनदिन, आणि उन्हाळ्यात शाळाप्रवेश. मोठी शाळा अर्धं पान जाहिरात देते, आमचं हायस्कूल निकालाच्या अभिनंदनाची चौकटसुद्धा देऊ शकत नाही. जाहिरात दिली म्हणून फोटो आला, असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. पण जिंकलेला संघ कोणता हे विचारायला एक फोन लागतो. ते निकाल क्रीडा अधिकारी कार्यालयात कागदावर असतात. तो एक फोन कोणी का केला नाही, याचं उत्तर मला संपादकांकडून हवंय, त्या पोराकडून नको.

कुणी म्हणेल, प्रत्येक पालकाला आपल्याच लेकरावर अन्याय झाल्यासारखा वाटतो. खरंय. मलाही वाटलं असतं. आम्ही हरलो असतो आणि बातमी आली नसती, तर मी ही पोस्ट लिहिली नसती.

कुणी म्हणेल, कात्रणानं काय होतं? सवलतीचे गुण प्रमाणपत्रावर मिळतात, नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण प्रमाणपत्रावर मिळतं. बरोबर. पण प्रमाणपत्रापर्यंत पोचायला मुलगी घराबाहेर पडावी लागते ना!

आमच्या संघातली सगळ्यात चपळ पोरगी, नाव लिहीत नाही. अंतिम सामन्यात समोरच्यांच्या पोरी तिच्यामागे पळून दमल्या. विभागीय स्पर्धेसाठी बाहेरगावी मुक्काम करावा लागेल म्हणून सर तिच्या घरी विचारायला गेले, मीही गेले. आजोबा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. म्हणाले, “मास्तर, हितं तर त्या दुसऱ्या पोरींचा फोटू हाय. मग जिंकलं कोण?” सरांनी ढाल दाखवली. आजोबा म्हणाले, “ढाल बाजारात बी मिळती.”

हसू नका. त्या माणसानं आयुष्यभर पेपरात आलेलं खरं मानलंय. हा पेपरवरचा विश्वास आहे, आणि पेपरनं त्याचं काय केलं बघा. नातीला पाठवायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

मी स्वतः शाळेत असताना खो-खो खेळले. एकदा बातमीत माझं आडनाव चुकीचं छापून आलं होतं, तरी आईनं ते कात्रण देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. पुढच्या वर्षी काकांनी ‘पोरीच्या जातीला कशाला’ म्हटलं तेव्हा तिनं नुसतं त्या भिंतीकडे बोट दाखवलं होतं.

आणि गंमत बघा. याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा सगळ्यांना मोहीचा रस्ता बरोबर सापडला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुली जिंकल्या, कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. मग सगळ्यांचे अग्रलेख, ‘मातीतला खेळ’ वगैरे. अहो, त्या मातीत रोज संध्याकाळी पोरी खेळतातच की! तेव्हा तुमच्या पानावर आयपीएलचा तयार मजकूर आणि कुठल्यातरी भाऊंच्या चषकाचं उद्घाटन असतं.

माझं मागणं अगदी लहान आहे. शालेय स्पर्धेचा निकाल कार्यालयाकडून घ्या आणि चौकटीत छापा: खेळ, गट, विजेता, उपविजेता. फोटो जिंकलेल्यांचा आधी. खेळाडूंची सगळी नावं, गावासकट, आणि जागा कमी पडली तर अभिनंदन करणारे कापा, पोरी नको.

पेपरवाल्या मित्रांनो, इथे बरेच जण वाचता, मला माहीत आहे. चुकीची दुरुस्ती छापायला अजून उशीर झालेला नाही. बाराही नावं मी सरांकडून लिहून घेतलीत, अक्षर न् अक्षर तपासून. फोटोही आहे, ढालीसकट. मेसेज करा, दोन मिनिटांत पाठवते. आजोबांकडे पेपर सकाळी साडेसातला येतो.