ड्रायव्हरच्या सीटखालची पाचर

जुनी मोटार बघायला निघालेला माणूस काय काय तपासतो, हे आपल्याकडे घरोघरी तोंडपाठ असते. बॉनेट उघडायचे, इंजिन सुरू करून कान लावायचा, सायलेन्सरचा धूर पांढरा की काळा ते बघायचे, टायरवर अंगठा फिरवायचा आणि चेहरा शक्य तेवढा निर्विकार ठेवून 'अॅव्हरेज किती देते?' असे विचारायचे. बरोबर एखादा माहीतगार मेव्हणा असला तर तो गुडघ्यावर बसून खालचा गंज बघतो, दार दोनदा आपटून आवाज ऐकतो. मग सगळे मिळून एक चक्कर मारून येतात. एवढ्या साऱ्या परीक्षेत, ज्या वस्तूवर बसून आपण ही चक्कर मारली तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. सीट म्हणजे फर्निचर, अशी आपली समजूत असते. फाटली असेल तर कव्हर घालू, खचली असेल तर कुशनवाल्याकडे टाकू!

मीही असाच होतो. २०१३ च्या मार्चमध्ये मी एक नऊ वर्षे वापरलेली छोटी गाडी घेतली. रंग पांढरा, नंबर कोल्हापूरचा, मालक सुशिक्षित. आणखी काय हवे? गाडी घरी आली, पेढे वाटले, आईने चाकाखाली लिंबे ठेवली. ड्रायव्हरची सीट बसल्याबसल्या किंचित डुलते, एवढे माझ्या लक्षात आले होते. जुन्या गाडीला काहीतरी असायचेच, असे म्हणून मी ते सोडून दिले.

मे महिन्यात आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. परतताना डिकीत आंब्याच्या दोन पेट्या, मागे आई आणि मुलगी, पुढे शेजारी सौ. साखरपा सोडले आणि आंबा घाट चढू लागलो. एका वळणावर पुढचा मालट्रक थांबला, म्हणून मीही थांबलो. आमच्या मागे एसटी. ट्रक हलला तसा मी एक पाय ब्रेकवर ठेवून दुसऱ्याने क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकायला हात नेला, तोच माझ्यासह सगळी सीट सर्रकन मागे गेली. दोन्ही पाय हवेत! पुढे असायला हवे होते ते ब्रेक आणि क्लच आता हातभर लांब. मी काय केले असेल? बुडणारा माणूस ओंडका धरतो तसे स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरले. त्याचा उपयोग शून्य. गाडी मागे सरकू लागली आणि आरशात एसटीचा लाल रंग मोठा होऊ लागला.

हँडब्रेक ओढला तो सौ.ने. लग्नाआधी ती सांगलीत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकली होती. लायसन्स कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली. वर्षानुवर्षे वापरायची वेळ न आलेली ती विद्या त्या एका क्षणी तिच्या हातात आली. गाडी थांबली. एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोके काढून मला जे ऐकवले ते रविवारच्या पुरवणीत छापण्यासारखे नाही. पण त्यातला एकही शब्द अनाठायी नव्हता.

असे का होते, ते नंतर उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी दाखवले. सीट चार बोल्ट काढून बाहेर घेतली. तिच्याखाली दोन रूळ असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. सीटला जोडलेली पट्टी या रुळांवर पुढेमागे सरकते आणि ठरावीक खाचांमध्ये खटक्याचे दाते अडकून थांबते. आपण सीटखालची दांडी ओढतो तेव्हा एका बाजूचा खटका थेट सुटतो आणि दुसऱ्या बाजूचा एका तारेने सुटतो. वर्षे जातात, रुळात धूळ आणि चिक्कीचा चुरा साठतो, स्प्रिंग मरते, तार लोंबते, दात्यांच्या कडा गोल होतात. मग एक बाजू अडकते आणि दुसरी नुसतीच टेकून राहते. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही, सीट फक्त डुलते. चढावर मात्र बसणाऱ्याचे वजन मागच्या बाजूला येते, त्यात क्लच दाबताना आपण पायाने जेवढा जोर पुढे लावतो तेवढाच पाठीने मागे लावतो. म्हणजे गाडी ताब्यात ठेवायची सर्वांत जास्त गरज असते त्याच क्षणी सीट दगा देते. आणि या बाबतीत सीटबेल्टचाही उपयोग नाही. पट्टा माणसाला पुढे फेकला जाण्यापासून अडवतो. मागे जाणाऱ्याला तो काय अडवणार?

सीट काढल्यावर खाली काय सापडले? एक रुपयाचे नाणे, शेंगदाण्याची टरफले आणि लाकडाची एक पाचर. अर्धी मोडलेली, तेलाने काळी पडलेली, पण सुताराने तासावी तशी व्यवस्थित तासलेली. कोणीतरी ती रूळ अडवायला मागच्या बाजूला ठोकली होती. घाटात ती मोडली.

मी आधीच्या मालकांना फोन केला. गृहस्थ सज्जन होते, आवाजही चढला नाही. म्हणाले, ''हो, ती जरा मागेपुढे व्हायची. पण आमच्या ड्रायव्हरला सवय होती.''

या 'सवय' शब्दावर मी बरेच दिवस विचार केला. आपल्याकडे यंत्र बिघडले की आधी माणसाला त्याची सवय लावली जाते. मागची पाठ टेकली की धाडकन आडवी होते? तिच्यामागे हत्यारांची पेटी ठेवा. बसायची जागा खचून खड्डा झालाय? चादर घडी करून घाला. डोक्यामागची उशी कव्हर बसत नाही म्हणून काढून माळ्यावर टाकायची. वास्तविक मागून धडक बसल्यावर मान वाचवण्यासाठी ती तिथे असते, टेकून झोपण्यासाठी नव्हे. आमच्या भागातल्या वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हर अर्धा सीटवर आणि अर्धा दाराबाहेर बसून चालवताना मी पाहिलेला आहे. त्याला मी नावे ठेवणार नाही. त्याला दिवसाचे पैसे सुटायचे असतात. पण पांढऱ्या गाडीच्या सुशिक्षित मालकाचे काय? आणि, खरे सांगायचे तर, माझे काय?

कारण मीही तेच केले. मिस्त्री म्हणाले, ''साहेब, नवीन रूळ कशाला? वेल्डिंग मारून टाकूया की. हलतीय कुठं मग!'' दीडशे रुपयांचे काम. मी सीटवर बसलो, पाय लांब केले, ''इथं बरोबर आहे,'' म्हटले आणि त्यांनी सीट तिथे कायमची डकवली. मला फार हुशारी केल्यासारखे वाटले. पाचर लाकडाची होती ती लोखंडाची झाली, एवढाच काय तो फरक, हे तेव्हा सुचले नाही.

ते कळायला दोन वर्षे जावी लागली. २०१५ मध्ये माझ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा सौ. म्हणाली, मी आणते तुम्हाला घरी. आंबा घाटानंतर तिने कपाटातले लायसन्स बाहेर काढून नूतनीकरण करून घेतले होते. अधूनमधून 'मी चालवू का?' असे ती विचारायचीही. पण काही ना काही कारणाने ते राहून जायचे. ते कारण मी कधी नीट पाहिले नव्हते. माझी उंची पाच फूट दहा इंच, तिची पाच फूट. सीट माझ्या मापावर डकवलेली. तिने पाठीमागे घरातली उशी घेतली, तरी क्लच तळापर्यंत दाबायला तिला जवळजवळ सीटच्या कडेवर यावे लागत होते. डोळ्याला पट्टी असल्यामुळे मी फक्त ऐकत होतो. दाभोळकर कॉर्नरला गाडी थांबली, आणि पुन्हा निघताना अर्ध्याच दाबलेल्या क्लचमुळे गिअरने जो करकराट केला तो माझ्या दातांपर्यंत पोचला. मागून हॉर्न सुरू झाले. मी म्हणालो, ''पूर्ण दाब ना क्लच!''

ती शांतपणे म्हणाली, ''अहो, ही गाडी तुमच्या पायांच्या मापाची शिवलीय.''

ड्रायव्हरच्या मागे उशी घेणे आपल्याला किरकोळ वाटते. पण उशी ब्रेक दाबताना दबते, सरकते, आणि पाय पुरवण्यासाठी पुढे झुकलेल्या माणसाची छाती स्टिअरिंगला जवळजवळ टेकते. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांच्यात निदान दहा इंच अंतर असावे, असे अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था सांगते. एअरबॅग असलेल्या गाडीत तर हे अंतर फारच महत्त्वाचे. एका घरात एकच गाडी आणि चालवणारी दोन-तीन माणसे असतील, तर सीट सरकणे ही चैन नाही. ती सरकली पाहिजे आणि सरकवल्यावर जागच्या जागी राहिली पाहिजे.

विमानाच्या जगात या गोष्टीकडे कसे बघतात, ते मला नंतर वाचायला मिळाले. सेस्ना जातीच्या छोट्या विमानांत वैमानिकाची सीट अशीच रुळांवर सरकते. उड्डाण करताना विमानाचे नाक वर असते, म्हणजे तो घाटच. सीट मागे सरकली की वैमानिक हातातले सुकाणू धरून स्वतःला सावरायला जातो, त्याने नाक आणखी वर उचलले जाते आणि विमान कोसळू शकते. मी स्टिअरिंगला लोंबकळलो होतो ते आठवून अंगावर काटा आला. १९८७ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने आदेश काढून या रुळांची भोके, पिना, तडे ठरावीक उड्डाणतासांनी तपासणे बंधनकारक केले. २०११ मध्ये त्याची जागा नव्या आदेशाने घेतली. तिथे 'आमच्या वैमानिकाला सवय आहे' हे उत्तर चालत नाही.

आपल्याकडे जुनी गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. इंजिन नंबर, चॅसी नंबर लिहिला जातो. सीट जागेवर राहते का, हे कोणी विचारत नाही. पीयूसीवाला धूर मोजतो. पट्टा न लावल्याबद्दल २०१९ पासून हजार रुपये दंड आहे आणि तो योग्यच आहे. पण ज्या सीटवर पट्टा बांधून बसायचे तिची तपासणी मालक बदलताना व्हायला काय हरकत आहे? दोन मिनिटांचे काम आहे. दांडी ओढून सीट मागेपुढे करायची, सोडल्यावर दोन्ही बाजूंचे खटके बसल्याचा आवाज ऐकायचा, मग जमिनीवर पाय रोवून पाठीने जोर लावायचा. जमले तर हे चढावर करावे. त्याला ना यंत्र लागते ना मेव्हणा.

ऑपरेशननंतर महिनाभरात मी वेल्डिंग कापून घेतले. त्या उष्णतेने जुने रूळ वाकले होते, ते टाकून द्यावे लागले. त्याच मॉडेलच्या भंगारात निघालेल्या गाडीचे रूळ, नवी तार, नव्या स्प्रिंगा आणि मजुरी मिळून अठराशे रुपये झाले. दीडशे वाचवायला गेलो तो असा. (नव्या गाड्यांत सीटखाली एअरबॅगच्या पिवळ्या वायरी असू शकतात, तिथे बॅटरी न काढता कोणालाही हात घालू देऊ नका, हे जाता जाता.) सौ.ने सीट चार खाचा पुढे घेतली, उशी घरात परत नेली, आणि त्यानंतर भाजी आणायला मला गाडी मागावी लागू लागली.

२०१८ मध्ये ती गाडी विकायला काढली. घ्यायला आलेले गृहस्थ जयसिंगपूरचे, बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी. त्यांनी बॉनेट उघडले, कान लावला, अॅव्हरेज विचारला. मी आपण होऊन सीटची सगळी हकीगत सांगितली आणि रुळांचे बिल पुढे केले. त्यांनी ते बिल बराच वेळ वाचले. मग संशयाने म्हणाले, ''सीट खोललीय म्हणजे ॲक्सिडेंट झालेला दिसतोय.'' मी पुष्कळ समजावले. शेवटी पाच हजार कमी करून व्यवहार ठरला. सौ.ने आतून चहा आणला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याचे वर्णन मी करत नाही.

निघताना ते स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसू लागले. मी म्हटले, ''तुम्ही नको, आधी मुलीला बसवा.'' ती बसली. दांडी ओढून तिने सीट पुढे घेतली आणि सोडली. खट. खट. दोन्ही बाजूंनी. तिने पायाने क्लच तळापर्यंत दाबून पाहिला, पाठीने एकदा जोर लावला आणि वडिलांकडे बघून म्हणाली, ''बाबा, तुम्ही तिकडून बसा.''