आवाज वाढवला, ठिणगीचं काय?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये आरएक्स १०० सुरू झाली की अख्खा कट्टा माना वळवतो. (१९९६ ला बंद झालेली गाडी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा मोठी!) मग ठरलेले प्रश्न. सायलेन्सर कुठला? पोर्टिंग केलंय? हेड घासलंय? पण ‘टायमिंग तपासलंस का?’ असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे, हा प्रश्न विचारायचा नसेल तर बाकीच्यावर पैसे घालवूच नका.

कसंय, प्लगची ठिणगी पिस्टन पार वर पोचल्यावर पडत नाही, किंचित आधी पडते. मिश्रण जळायला वेळ लागतो आणि ६००० आरपीएमला इंजिन सेकंदाला शंभर फेऱ्या मारत असतं. हे ‘किंचित आधी’ किती, ते कंपनीनं तिच्या मूळ हेडसाठी ठरवलेलं असतं. तुम्ही हेड घासलंत की मिश्रण जास्त दाबलं जातं, लवकर जळतं. मग तेच जुनं टायमिंग जास्त ॲडव्हान्स ठरतं. पिस्टन अजून वर चढतोय तोच वरून दणका! चढावर इंजिन टकटक करून सांगतंही, पण हौसेनं बसवलेल्या सायलेन्सरपुढे ते ऐकू कुणाला येणार?

माझ्या मित्राची अशीच ‘फुल काम केलेली’ गाडी कात्रज घाटात सीझ झाली. मागचं चाक जागीच जाम. मागून ट्रक येत नव्हता, एवढंच नशीब. गॅरेजवाला म्हणाला, ‘ऑइल कमी घातलं असशील.’ असेलही. पण दुसऱ्या एका जुन्या मेकॅनिकनं तपासलं तेव्हा टायमिंग कंपनीचंच निघालं, कुणी हातही लावलेला नव्हता.

या गाडीत काम तसं छोटं आहे. प्लग काढून त्या भोकात डायल गेज लावायचा, पिस्टन टोकापासून किती मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडतो ते मोजायचं आणि पॉइंट केसभर सरकवायचा. गॅप वाढला की ठिणगी लवकर, कमी झाला की उशिरा. म्हणून भीतीपोटी भरमसाट उशिराही करू नका. ताकद सगळी धूर आणि उष्णता होऊन सायलेन्सरमधून जाते. नव्या एफआय गाड्यांत पॉइंट नाही, तिथे हेच काम ईसीयूच्या मॅपमध्ये होतं. नुसता सायलेन्सर बदलून ‘गाडी ट्यून केली’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या.

बोअर वाढवून आरसीवरची सीसीच बदलत असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, तो वेगळाच विषय.

पण टायमिंगचा फोटो स्टेटसला टाकता येत नाही ना! मित्राला नवा पिस्टन टाकताना विचारलं, या वेळी टायमिंग बघणारेस ना? तो म्हणाला, ‘हो रे, आधी सायलेन्सर तर बदलू दे.’