‘ऑनर्स’ची पाटी आणि शिक्षकाचा वेळ

बारावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या शिक्षकांच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यातले एक गृहस्थ असेच आपल्या मुलीला घेऊन आले होते. नवरा-बायको दोघेही दरसाल दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि पाडव्याच्या आगेमागे गावी परततात. मुलगी आजीपाशी राहून शिकली आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. तिच्या हाती बंगळूरच्या एका ख्रिस्ती विद्यापीठाचे माहितीपत्रक होते. त्यातील अर्थशास्त्राच्या चार वर्षांच्या ‘ऑनर्स’ अभ्यासक्रमाभोवती तिने पेन्सिलीने खूण केली होती. वडिलांनी तीन प्रश्न विचारले. “सर, तिकडं पोरीला बाटवतील का? एवढा पैसा झेपंल का? आन् एवढा पैसा घेऊन ते इथल्यापेक्षा जास्तीचं काय शिकवणार?” पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी दिली. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र मी अडखळलो. तो प्रश्न त्या विद्यापीठाविषयी होता तितकाच माझ्या महाविद्यालयाविषयीही होता, आणि म्हणूनच त्याची जाहीर चर्चा करणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या प्रश्नाला हसून चालणार नाही. त्या भीतीला आपल्याकडे इतिहास आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली मुंबईत सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय उभे राहिले. त्या शाळेतील दोन पारशी विद्यार्थ्यांनी 1839 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात प्रचंड खळबळ उडाली आणि अनेक पालकांनी मुले काढून घेतली. मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे त्यांनी स्वतःही कधी लपविले नाही. तथापि त्याच काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले शिकत होते. त्या शाळेने त्यांना ख्रिस्ती केले नाही. जन्माने लादलेल्या उच्चनीचतेला प्रश्न विचारण्याची जी वृत्ती पुढे त्यांच्या जीवनाचे ब्रीद ठरली, तिच्या जडणघडणीत मात्र त्या शिक्षणाचा वाटा निश्चितच होता. अहमदनगरला मिस फरार यांच्या अध्यापनवर्गात सावित्रीबाईंनी प्रशिक्षण घेतले, तेही याच परंपरेतले.

आज तर प्रश्न व्यक्तीच्या मनोबलावर सोडलेला नाही. राज्यघटनेच्या 28व्या कलमानुसार शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेतील कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही; विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. ख्रिस्ती व्यवस्थापनाची महाविद्यालये आपल्याला अपरिचितही नाहीत. मुंबईचे सेंट झेवियर्स 1869 पासून चालू आहे. शेजारच्या नगरमध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी 1947 साली अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. पुण्याच्या औंध येथील स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट या जुन्या संस्थेला 2014 च्या राज्य अधिनियमान्वये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तर बंगळूरचे 1969 सालचे क्राइस्ट महाविद्यालय 2008 मध्ये अभिमत विद्यापीठ झाले. या संस्थांत शिकलेल्या हजारो हिंदू, मुसलमान आणि बौद्ध पदवीधरांचा अनुभव त्या पित्याला धीर देण्यास पुरेसा आहे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे आणि तो अर्थशास्त्राच्या शिक्षकाने टाळता कामा नये. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचा आराखडा बदलला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार तीन वर्षांत किमान 120 श्रेयांक मिळविणाऱ्यास पदवी आणि चार वर्षांत किमान 160 श्रेयांक मिळविणाऱ्यास ऑनर्स पदवी मिळते. ऑनर्सनंतरचे एम. ए. एका वर्षाचे असते. म्हणजे ज्याला एम. ए. करावयाचेच आहे, त्याचे गणित तीन अधिक दोन असो की चार अधिक एक, पाच वर्षांचेच राहते. परंतु ज्याला पदवीनंतर लगेच नोकरी शोधावयाची आहे, त्याच्यासाठी चौथे वर्ष हा निव्वळ वाढीव खर्च ठरतो. त्या खर्चात केवळ फी आणि खानावळ धरून भागत नाही. त्या वर्षी न मिळालेली मिळकतही धरावी लागते. सुखवस्तू घराला या दुसऱ्या रकमेची जाणीव होत नाही. कोयत्यावर चालणाऱ्या घराला तिचीच जाणीव आधी होते.

शिवाय आणखी एक बाब पालकांना कोणी सांगत नाही. खासगी शिक्षणसंस्थांत मागासवर्गीयांसाठी राखीव जागा ठेवण्याची तरतूद घटनेच्या 15(5) कलमान्वये करता येते. पण 30व्या कलमाखालील अल्पसंख्याकांच्या संस्था त्यातून वगळलेल्या आहेत. ख्रिस्ती संस्था बहुधा या वर्गात मोडतात. काही संस्था स्वतःहून सवलती देतात, शिष्यवृत्त्या ठेवतात. परंतु तो त्यांच्या इच्छेचा भाग आहे. आपल्या राज्याची शिष्यवृत्ती परराज्यातील अभिमत विद्यापीठात चालेल, असे गृहीत धरून प्रवेश घेणे म्हणजे आंधळी कोशिंबीर होय. ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून उचल घेणाऱ्या माणसाला कर्जाचा अर्थ शिकवावा लागत नाही. उचल एका हंगामात फिटली नाही तर पुढचा हंगामही बांधला जातो, हे त्याने सोसलेले असते. शैक्षणिक कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याने तोच हिशेब मांडावा. संस्थेकडून फीची चारही वर्षांची रक्कम, वसतिगृहाचा खर्च आणि सवलतीची हमी लेखी घ्यावी. हे सारे जुळत असेल तर मुलीला जरूर पाठवावे. जुळत नसेल तर नावाच्या मोहाने पाठवू नये.

आता तिसरा प्रश्न. जास्तीचे काय शिकवतात?

ऑनर्स या शब्दाचा अर्थ आपल्याकडे मान, प्रतिष्ठा असा घेतला जातो. वस्तुतः तो अधिक श्रमांचा करार आहे. विद्यार्थ्याने एका विषयात खोल उतरावे, मूळ ग्रंथ वाचावेत, स्वतः आकडेवारी गोळा करावी, लिहावे, आणि ते लिहिलेले कोणीतरी जाणत्याने ओळीओळीने तपासून परत द्यावे. यातील अखेरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत खर्चिक आहे. पाठ्यपुस्तक ग्रंथालयातून मिळते, व्याख्यान आता भ्रमणध्वनीवरही ऐकता येते. पण आपल्या निबंधातील तिसऱ्या परिच्छेदातला निष्कर्ष पहिल्या परिच्छेदातील पुराव्यावर उभा राहत नाही, हे समोर बसून सांगणारा माणूस विकत आणावा लागतो किंवा नेमावा लागतो.

1862 साली मुंबई विद्यापीठातून बी. ए. झालेल्यांची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत अवघे चौघे होते. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी दोघे. त्यांची असामान्य बुद्धी मान्य करूनही, शिक्षकाला प्रत्येक विद्यार्थी नावानिशी आणि विचारानिशी ठाऊक असण्याचा तो काळ होता, हे विसरता येत नाही. पुढे 1922 साली फादर हेन्री हेरास हे स्पॅनिश जेझुइट सेंट झेवियर्समध्ये इतिहास शिकविण्यास आले. त्यांनी 1926 मध्ये महाविद्यालयातच भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था उभारली, ग्रंथ, नाणी, मूर्ती जमविल्या आणि विद्यार्थ्यांना मूळ साधनांवर काम करावयास बसविले. त्या वेळी ‘संशोधनासह ऑनर्स’ असे नाव कोणत्याही परिपत्रकात नव्हते. एक शिक्षक होता, एक संग्रह होता आणि त्याभोवती बसलेले काही विद्यार्थी होते.

यात ख्रिस्ती असे काही नाही. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील विद्यार्थ्याला पदवीसाठी हैदराबादच्या उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे किंवा मुलूख ओलांडून पुण्या-मुंबईला जावे लागे. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला जे महाविद्यालय सुरू केले आणि जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, त्याने ही वाट जवळ आणली. आंबाजोगाईला योगेश्वरी संस्थेच्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी जे केले, त्याचेही मर्म शिक्षकाच्या सहवासातच होते. मिशनऱ्यांना जे साधले ते आपल्या लोकांनाही साधले आहे, आणि तेही पैसा नसताना.

मग आज आमच्या जिल्ह्यात काय स्थिती आहे? संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण 2024-25 पासून लागू झाले. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या तुकडीचे चौथे वर्ष 2027-28 चे. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी प्रबंधिका लिहून ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी घेता येते. परंतु आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यासाठी विभागात पीएच. डी. चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन पूर्णवेळ कायम शिक्षक हवेत. अट योग्यच आहे. पण ग्रामीण महाविद्यालयांतून फिरणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे की अनेक विभागांत कायम शिक्षक एकच उरला आहे आणि बाकीचे काम तासिका तत्त्वावरील प्राध्यापक ओढत आहेत. तासांप्रमाणे मानधन घेणाऱ्या, पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे न जाणणाऱ्या तरुणाने वर्षभर एखाद्या विद्यार्थिनीच्या प्रबंधिकेची जबाबदारी कोणत्या बळावर घ्यावी? तासाच्या हिशेबात निबंध तपासण्याचा वेळ मोजलाच जात नाही.

याचा परिणाम उघड आहे. जेथे शिक्षक आहेत तेथे ऑनर्स राहील. जेथे नाहीत तेथे एक तर पाटी लागेल किंवा तीही लागणार नाही. ज्या विद्यार्थ्याला 75 टक्के गुण मिळाले, त्यालाच चौथ्या वर्षी गाव सोडावे लागेल. ज्याला परगावी राहणे परवडत नाही, त्याची पात्रता गुणपत्रिकेतच राहील. म्हणजे समान संधीच्या नावाने आलेली तरतूद पैशाच्या चाळणीतून गाळली जाईल. दिल्ली विद्यापीठाने 2013 साली घाईने चार वर्षांचा अभ्यासक्रम आणला आणि 2014 मध्ये तो मागे घ्यावा लागला. तयारीवाचून वर्ष वाढविल्यास अविश्वास वाढतो, एवढा धडा त्यातून घ्यावयास हवा होता.

उपाय नाहीत असे नव्हे. रिक्त जागा भरणे हा पहिला उपाय, आणि त्याला पर्याय नाही. तोवर एका तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील महाविद्यालयांनी विषयवार एकत्र येऊन ऑनर्सचे एकेक केंद्र चालवावे. अर्थशास्त्राचे एके ठिकाणी, मराठीचे दुसऱ्या, रसायनाचे तिसऱ्या. प्रत्येकाने आपापली पाटी लावण्याचा हट्ट सोडला तर दोन मार्गदर्शक जमणे अवघड नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाची संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे; तिचा लाभ अशा केंद्रांच्या गावी चौथ्या वर्षापर्यंत पोचेल, असे पाहिले पाहिजे. 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडहून अहिल्यानगरची रेल्वे सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या मागितलेली ती गाडी आली, म्हणून जवळच्या शहरातील ग्रंथालयेही आमच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यात यावीत, अशी परस्पर सदस्यत्वाची व्यवस्था का होऊ नये?

यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे. कायम वेतन घेणाऱ्या आमच्यापैकी कितीजण विद्यार्थ्याचा निबंध लाल शाईने भरून परत देतात? शासनाकडे बोट दाखविताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात, हे आपण जाणतो. जिल्ह्यातून दरसाल हजारो कोयते बाहेर पडतात. त्यांच्या उचलीचा, मजुरीचा, मुलांच्या गळतीचा अभ्यास बंगळूरला बसून कोणी आपल्याआधी करावा, यासारखी नामुष्की नाही. ऑनर्सच्या प्रबंधिकेला याहून मोलाचा विषय कोणता?

त्या गृहस्थांना मी अखेर एवढेच सांगितले : तेथे वर्गात मुले किती, लिहिलेले कोण तपासतो आणि चार वर्षांचा एकूण खर्च किती, हे तिघेही प्रश्न त्या विद्यापीठाला पत्राने विचारा. उत्तरे समाधानकारक आली आणि पैशाची सोय झाली, तर पोरीला निःशंक पाठवा. मुलगी इतका वेळ गप्प होती. जाताना तिने विचारले, “सर, हेच प्रश्न इथल्या कॉलेजला विचारले तर?”

मी तिला म्हटले, विचार. आणि उत्तर लेखी माग.