विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरचे श्रोते

चर्चासत्राच्या फलकावर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द नसेल तर आपल्या विद्यापीठांना आता चुकल्याचुकल्यासारखे वाटते. परदेशी संस्कृती, जागतिक चित्रपट, भाषा आणि इतिहास यांवर दोन दिवसांचे कार्यक्रम होतात. दीपप्रज्वलन होते, शाल-श्रीफळ दिले जाते आणि छायाचित्रे मूल्यांकनाच्या अहवालाला जोडली जातात. सभागृहातील मागच्या रांगा बहुधा हजेरीसाठी आणून बसवलेल्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात. ज्यांच्या करांवर हे विद्यापीठ चालते, त्या शहरातील नागरिकाला मात्र कार्यक्रम झाल्याचे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातून समजते. असे कार्यक्रम फार होतात, अशी माझी तक्रार नाही. ते कोणासाठी होतात, एवढाच माझा प्रश्न आहे.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत तो अधिक टोचतो. येथे महाराष्ट्र मंडळ आहे आणि मराठी कुटुंबांचा जुना राबता आहे. कॉलोनीतून जी. ई. रोडला लागून पश्चिमेकडे निघाले की थोड्याच अंतरावर पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ लागते. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात प्राचीन इतिहास, पुरातत्त्व, भाषाविज्ञान आणि साहित्य हे विषय शिकवले जातात. म्हणजे शहराशी जगाविषयी बोलण्याची सारी सामग्री जवळच आहे. तरीही कॉलोनीतील निवृत्त शिक्षक किंवा बँक कर्मचारी संध्याकाळी एखादे व्याख्यान ऐकायला त्या फाटकातून आत जाईल, अशी व्यवस्था नाही. त्याला कोणी मज्जाव केलेला नाही, पण कोणी बोलावलेलेही नाही.

छत्तीसगढसारख्या प्रदेशात जगाची ओळख बाहेरून आणावी लागते, हा समज चुकीचा आहे. सिरपूर येथून फार दूर नाही. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने दक्षिण कोसलचे वर्णन केले आहे आणि त्या देशाची राजधानी म्हणजे सिरपूरच, असे अनेक अभ्यासक मानतात. तेथील बौद्ध विहार १९५०च्या दशकात उजेडात आणणाऱ्या उत्खननाचे नेतृत्व मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने केले. या प्रदेशावर राज्य केलेल्या कलचुरींचे शिलालेख नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी संपादित केले. चीन आणि भारत यांच्या प्राचीन संबंधांवर रायपुरात व्याख्यान ठेवायचे, तर उदाहरण शोधायला बीजिंगपर्यंत जाण्याची गरज नाही.

नाटकाचेही तसेच. १९२३ मध्ये रायपुरात जन्मलेले हबीब तन्वीर नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, लंडनला नाट्यशिक्षण घेण्यासाठी गेले आणि ब्रेख्तचे रंगकार्य समजून घेण्यासाठी बर्लिनला पोहोचले. परतल्यावर त्यांनी छत्तीसगढी लोककलावंतांना हाताशी धरले, आणि याच भाषेतील ‘चरणदास चोर’ने १९८२ मध्ये एडिंबराच्या महोत्सवात पुरस्कार मिळवला. ब्रेख्तचे सेझुआनही त्यांच्या हाती शाजापूर झाले. परदेशी नाटक गावकऱ्यांना कळणार नाही, असे त्यांनी गृहीत धरले नाही. आपल्या विद्यापीठांनी मात्र ते धरले आहे. म्हणून परदेशी चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवला जातो, त्यावरील चर्चा इंग्रजीत होते आणि लोक येत नाहीत, असा शेरा शेवटी लोकांवरच मारला जातो.

माझ्या मते प्रश्नाचे मूळ भाषांतरात आहे. ज्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, त्यांची मातृभाषा मराठी होती. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. हे काम त्यांनी एका मासिकाच्या आणि स्वतःच्या श्रमाच्या बळावर केले. आज भाषेचे स्वतंत्र विभाग आहेत, पदव्युत्तर विद्यार्थी आहेत आणि नव्या शैक्षणिक धोरणात प्रकल्पांना श्रेयांक देण्याची सोय आहे. एखाद्या इराणी किंवा जपानी चित्रपटाची हिंदी वा छत्तीसगढी उपशीर्षके हाच एका सत्राचा प्रकल्प का असू नये? छत्तीसगढीला २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला. तो दर्जा शासकीय फलकांच्या पलीकडे न्यायचा असेल, तर तिच्यातून जगाविषयी बोलता आले पाहिजे.

हे सारे सोपे आहे, असे मी म्हणणार नाही. मोठी अडचण पैशाची नसून भीतीची आहे. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने एक आदेश काढला. देशाची सुरक्षा, सीमा किंवा अंतर्गत बाबी यांच्याशी संबंधित विषयावर ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची असेल, तर आधी परवानगी घ्यावी, असे त्यात म्हटले होते. ‘अंतर्गत बाबी’ या शब्दांत काय बसत नाही? भाषा, जात, जंगल, दुष्काळ, सारेच बसते. देशातील प्रमुख विज्ञान अकादमींनी आक्षेप घेतला आणि महिन्याभरात आदेश मागे घेतला गेला. पण आदेश मागे घेतला, तरी त्याने लावलेली सवय मागे जात नाही. त्याच वर्षी जुलैअखेर सागर विद्यापीठाचा मानववंशशास्त्र विभाग अमेरिकेतील माँटक्लेअर स्टेट विद्यापीठासह एक ऑनलाइन चर्चासत्र घेणार होता. वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या वाटेतील सांस्कृतिक आणि भाषिक अडथळे, हा विषय होता. काही वक्त्यांना विरोध झाला, पोलीस अधीक्षकांचे पत्र कुलगुरूंकडे गेले आणि विद्यापीठाने ऐनवेळी अंग काढून घेतले. चर्चासत्र झाले, पण यजमान अमेरिकेत राहिला. रविशंकर विद्यापीठ स्थापन होण्याआधी छत्तीसगढची महाविद्यालये सागर विद्यापीठाशीच संलग्न होती. त्या घटनेकडे रायपूरने परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये.

परदेशी निधी आणि व्हिसा यांवर सरकारने लक्ष ठेवावे, हे मला मान्य आहे. त्यासाठी कायदे आहेतच. परंतु व्याख्यानाचा विषय आणि वक्ता कोण, हे ठरवण्याचे काम पोलीस ठाण्याचे नाही. कुलगुरूला ते ठामपणे सांगता यायला हवे. आणि हे सांगण्याचे बळ त्याला शहराकडूनच मिळू शकते. ज्या कार्यक्रमाला गावातले तीनशे लोक पदरमोड करून येतात, तो रद्द करताना अधिकारी दोनदा विचार करतो. अहवालासाठी घेतलेला कार्यक्रम रद्द झाला, तर कोणाचे काय अडते?

पुण्यात न्या. रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला टिकली, कारण ती ऐकणे हा पुणेकरांनी आपला हक्क मानला. पुढे महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या बहिःशाल शिक्षण मंडळांनी व्याख्याते तालुक्यापर्यंत पाठवले. त्यातली अनेक व्याख्याने रटाळ असत, हेही खरे. पण विद्यापीठ गावात येते, ही कल्पना त्यांनी रुजवली. विद्यापीठ अनुदान आयोगानेही अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीने विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे अंग मानले आहे. व्यवहारात ते स्वच्छता फेरी आणि रक्तदान शिबिरापुरते आक्रसले आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. रविशंकर विद्यापीठाने महिन्यातून एक संध्याकाळ आपले कुंपण सोडावे आणि जगाच्या इतिहासावर किंवा चित्रपटावर हिंदीत बोलणारा एक प्राध्यापक शहरात पाठवावा. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी सभागृह द्यावे. उद्घाटन, सत्कार आणि आभार यांना मिळून दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ देऊ नये, आणि प्रश्नांसाठी किमान अर्धा तास राखून ठेवावा. पहिला विषय ह्युएन त्संग असावा. सिरपूर पाहून आलेले लोक रायपुरात पुष्कळ आहेत आणि त्यांच्याजवळ विचारण्यासारखे बरेच काही आहे.